लेलेबाईंची ताटली

कुत्र्याचं पिल्लू पारखावं तर आमच्या घराण्यानंच, असं मी चारचौघांत छाती काढून सांगतो. हेच एकदा लेलेबाईंसमोर सांगितलं, तेव्हापासून त्या मला 'पारखी' म्हणायला लागल्या, आणि ते अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस नुकताच येरवड्यातून सुटून आलाय.

"पारखी आले. पोतं टाका त्यांना बसायला."

खुर्ची मला त्या घरात कधी मिळाली नाही. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर म्हातारी कुत्री बसायची. तिला बाई 'अहो' म्हणायच्या. अहो, जरा सरकता का, नाही का, बरं बसा. मलाही अहोच म्हणायच्या. पण कुत्रीच्या अहोमध्ये साखर असायची आणि माझ्या अहोमध्ये चिमटा.

बाई मूळच्या नारायण पेठेतल्या. बँकेत होत्या. तिथं घरात कुत्री ठेवली तर शेजारच्यांनी भुंकण्याच्या तक्रारी केल्या, म्हणून विश्रांतवाडीला कुणी फुकट दिली तरी जागा घेत नव्हतं तेव्हा त्यांनी प्लॉट घेतला. दोन खोल्या आणि मागं पत्र्याची शेड. तिथं त्या ठिपक्यांची कुत्री पाळायच्या, डाल्मेशियन. पांढरं अंग आणि त्यावर कुणी शाई झटकल्यासारखे ठिपके. त्यांच्या पिल्लांना पुण्यात मागणी फार. नवरा लवकर गेलेला. त्याचा विषय निघाला तर बाई एवढंच म्हणायच्या, "दमेकरी होते. यांचे केस त्यांना सोसलेच नसते. वेळेवर गेले."

आणि मी हिंजवडीचा. शाळेचं म्हणाल तर मास्तर चौथीत म्हणाले, शंकर, तू घरीच बरा आहेस. मी मास्तरांचा शब्द मोडला नाही. पुढं आमच्या जमिनीवर कंपन्या उभ्या राहिल्या. जमिनी गेल्यावर आमच्या गावात लोकांनी आधी बंगला बांधला, मग जीप घेतली, मग गळ्यात चेन घातली, आणि एक चेन उरली म्हणून कुत्रं आणलं. मी सगळं केलं. गेटवर सिमेंटचे दोन सिंहसुद्धा बसवले. त्यातला एक बोकडासारखा झाला, पण गवंडी पाहुण्यातला होता. कुत्रं तेवढं राहिलं होतं. कुणीतरी लेलेबाईंचं नाव सांगितलं.

गेलो मंदाला घेऊन. मंदा म्हणजे आमची मालकीण. बाईंनी पिल्लं दाखवलीच नाहीत. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, घरात कोण कोण आहे विचारलं. मी बंगल्याचं सांगत होतो, सिंहांचं सांगत होतो. तेवढ्यात मागं असा आवाज झाला की मला वाटलं शेडचा पत्रा डोक्यात पडला. मी 'आई गं' म्हणून उडालो आणि थेट मंदाच्या पाठीमागं. मंदानं मान वळवून बघितलं, उठली, फरशीवर गरगर फिरत असलेली स्टीलची ताटली उचलली, पदरानं पुसली आणि बाईंच्या हातात दिली. ताटली बाईंनीच टाकली होती. मुद्दाम.

बाईंनी मंदाकडं बघितलं. "यांना पिल्लू दिलं असतं. पण या आपल्यासोबत राहतात."

मग मला म्हणाल्या, "पिल्लू मिळणार नाही. बाहेरची जीप आपली का? ती मिळेल?"

असा मी लेलेबाईंचा ड्रायव्हर झालो. गेलो होतो कुत्रं आणायला, आणि गळ्यात पट्टा माझ्याच पडला. तशी माझी मिनीबस पण होती, सकाळ-संध्याकाळ कंपनीच्या पोरांना ने-आण करायची. मधल्या वेळात जीप घेऊन बाईंकडं. कुत्री शोला न्यायची, डॉक्टरकडं न्यायची, खाद्याची पोती आणायची. मला पैसे मिळायचे आणि वरून शिव्या. शिव्या म्हणजे शिव्या नाहीत. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्या ताटलीबद्दल सांगितलं पाहिजे. ती पिल्लांसाठी होती. पिल्लं महिना-सव्वा महिन्याची झाली की बाई त्यांना परातीत दूधभात द्यायच्या आणि सगळी तोंड घालून खात असताना मागं ताटली टाकायच्या. सगळी दचकायची. दचकण्याला बाईंची हरकत नव्हती. त्या पुढचं बघायच्या. जे आईच्या पोटाखाली घुसलं आणि बाहेरच येईना, ते पोराबाळांच्या घरी द्यायचं नाही. जे ताटलीवर गुरगुरत गेलं, ते ज्याला कुत्र्याचं कळतं त्यालाच. आणि जे दचकलं, थांबलं, मग हळूच येऊन ताटली हुंगून बघितली आणि परत खायला गेलं, ते घ्यावं. ते बारा वर्षं शहाण्यासारखं राहतं. पुढं त्यांनी तेच माणसांवर लावलं. त्यांचं म्हणणं, पिल्लू चुकलं तर एका घराचं नुकसान होतं, माणूस चुकलं तर पिल्लाचं सगळंच जातं.

माझ्या मिनीबसमधलं एक जोडपं होतं, नागपूरकडचं, दोघंही कंपनीत. त्यांना मी घेऊन गेलो. तो पोरगा भला होता पण बोलायचा दुकानात उभा असल्यासारखा. म्हणाला, "मॅडम, यात कमी भुंकणारं काही आहे का?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "तुळशीबागेत मिळतं. मातीचं असतं. धुताही येतं."

पोरगा हसला, त्याला वाटलं गंमत चाललीये. मग ताटली पडली. तो दचकला आणि बायकोवर खेकसला, काय पाडलंस गं. ती बिचारी हातात चहाचा कप घेऊन जागेवरच बसलेली. बाईंनी ताटली उचलली, त्याला पिल्लू नाही म्हणून सांगितलं, आणि जाता जाता त्या मुलीला म्हणाल्या, "आपणही जरा विचार करा. वेळ गेलेली नाही." दुसऱ्या दिवसापासून ते दोघं माझ्या बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर बसायला लागले. माझं एक गिऱ्हाईक बाईंनी असं फोडून दोन केलं.

पिल्लू बघायची त्यांची रीत मी जीपच्या बॉनेटवर बसून शिकलो. म्हणजे मला वाटायचं शिकलो. लोक यायचे आणि तोंड बघायचे, कित्ती गोड, कित्ती गोड. बाई तोंड सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी पिल्लाची आई बघा म्हणायच्या. आई जवळ येऊ देत नसेल तर तिथनंच माघारी जा. मग पिल्लू हातात घेऊन पोट बघायच्या, फुगलेलं असलं की जंत. शेपटी वर करून बघायच्या. ओठ वर करून हिरड्या बघायच्या, गुलाबी पाहिजेत. मग तळहातावर उताणं करून छातीवर हलकेच बोटं ठेवायच्या. थोडं धडपडलं आणि मग सैल पडलं तर चांगलं. उताणं पडून मुंडी वळवून चावायला लागलं तर वस्ताद होणार. धडपडलंच नाही तर काहीतरी बिघाड आहे.

एकदा माझी दाढ दुखत होती. तोंडाला रुमाल बांधून गेलो. बाईंनी तोंड उघडायला लावलं, पिल्लाचा धरतात तसा माझा ओठ वर केला आणि म्हणाल्या, "दाढेचं राहू द्या. हिरड्या पांढऱ्या पडल्यात. पिल्लू असता तर ठेवूनच घेतलं नसतं मी आपल्याला." मी हे गावात हसत हसत सांगितलं. मंदा हसली नाही. तिनं दवाखान्यात नेलं तर अंगात रक्तच कमी. गोळ्या खाऊन बरा झालो आणि सांगायला गेलो. बाई म्हणाल्या, "गोळ्या कशाला सांगताय? हिरड्या दाखवा."

दिलेली कुत्री बरी ठेवलीत का, हे त्या मालकाला कधी विचारायच्या नाहीत. त्याच्या पँटकडं बघायच्या. या कुत्र्यांचे पांढरे बारीक केस सुईसारखे कापडात घुसतात, धुतले तरी जात नाहीत. गुडघ्यापाशी केस दिसले की कुत्रं घरात आहे, अंगाला घासतंय, बरं चाललंय. एक मोठा बिल्डर कडक इस्त्रीची काळी पँट घालून आला आणि कुत्र्याचं कौतुक सांगायला लागला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागच्या बाजूला बांधलेलं असतं ना?" त्याचं तोंड पडलं. मला वाटलं बाईंना जादू येते.

आता टोपलीचं.

कधी कधी बाई एक झाकणाची टोपली मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायच्या. आत एखादं पिल्लू असायचं. डॉक्टरकडं जायचं. त्या दिवशी बाई रस्ताभर मला एक शब्द बोलायच्या नाहीत. मी खूश, आज सुटका. येताना टोपली रिकामी असायची. पहिल्यांदा मी विचारलं, पिल्लू ठेवून घेतलं का दवाखान्यात?

"हो," म्हणाल्या. "ठेवलं."

मला वाटलं ॲडमिट केलं असेल. पुढच्या खेपेला पण तेच वाटलं. मी इतका भोळा नाही हो. पण मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग एकदा बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, म्हणाल्या, या वेळची पिल्लं बघायला या, आपण थोडे सुधारला आहात. मी आबांना घेऊन गेलो. आबा म्हणजे माझे वडील. डोक्याला मुंडासं, जमीन गेली तरी पायात पायताण शेतातलंच. आबा जन्मभर धनगरांकडनं कुत्री आणायचे आणि त्यांची पारख निराळी होती. पिल्लाची नखं मोजायची, वीस भरली तर कुत्रं लांडग्याला भिडतं. आणि कान धरून उचलायचं. केकाटलं तर टाकायचं, गप राहिलं तर आणायचं.

आबांनी नखं मोजली. "अठराच हायेत."

"दोन आपली द्या," बाई म्हणाल्या. "आता शेती नाही, आपल्याला काय करायचीत?"

आबांना वाटलं म्हातारी दमानं घेणारी आहे. त्यांनी एक पिल्लू पुढ्यात ओढलं आणि त्याचा कान धरला. बाई खुर्चीपाशी होत्या, त्या कधी आल्या मला दिसलंच नाही. त्यांनी आबांचा कान धरला. मुंडाशाच्या खालनं, नीट, अंगठा आणि बोटात, आणि वर ओढला. आबा सत्तरीचे. गावात त्यांच्यासमोर अजून कुणी विडी ओढत नव्हतं. आबांनी पिल्लू सोडलं. बाईंनी आबांना सोडलं.

"केकाटले नाहीत," बाई मला म्हणाल्या. "जातिवंत आहेत. सांभाळा."

पुढं मरेपर्यंत आबांनी ती गोष्ट गावात सांगितली, पण त्यांच्या गोष्टीत कान त्यांनी धरलेला असायचा.

मग परात आली, दूधभात आला. ताटली पडली. या वेळी मी तयारीत होतो, फक्त डोळे मिटले. उघडले तर सगळी पिल्लं पांगलेली. आणि एक, फक्त एक, परातीत तोंड घालून खात होतं. शेपटीसुद्धा थांबली नव्हती. त्यानं वर बघितलं तेव्हा दिसलं, एक डोळा काळा आणि दुसरा निळसर घारा, थेट बाईंसारखा. माझ्या अंगावर काटा आला. म्हणलं, हे. याला म्हणतात काळीज. बाकीच्यांना माझ्यासारखं धरा, पण हे वाघ आहे. आबांनी पण मान हलवली.

बाई त्या पिल्लाकडंच बघत होत्या. मला तर चेवच आला. म्हणलं, बघा बाई, घराण्याची पारख, आमच्या शाळेत हे शिकवत नाहीत.

"ते नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं बघा."

मी म्हणलं, का हो, चांगलं तेवढं तुम्हाला का?

बाईंनी ते पिल्लू उचलून ओट्यावर ठेवलं, त्याचं तोंड माझ्याकडं केलं आणि त्याच्या डोक्यामागं जोरात टाळी वाजवली. पिल्लू माझ्याकडंच बघत होतं. परत वाजवली. ते जांभई देत होतं.

"ऐकू येत नाही त्याला. या जातीत होतात अशी. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय. गाडी आणलीच आहे आपण."

टोपली ओट्यावरच होती. झाकण उघडं होतं आणि आत एक धुतलेलं फडकं घडी करून ठेवलेलं.

आबांना टोपलीचं ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, डाक्टर कान बरा करल का? बाईंनी त्यांना सरळ सांगितलं. आवाज न चढवता, बँकेत व्याजाचा दर सांगावा तसं. बहिरं कुत्रं झोपेत हात लागला की दचकून चावतं. एखादं पोर चावलं की मालक त्याला पोत्यात घालून लांब सोडून येतो, नाहीतर काठीनं मारतो. यातलं काही झालं नाही तर रस्ता आहेच. "माझ्याकडे ते पोटभर खाऊन मांडीवर झोपतं, मग डॉक्टर सुई देतात. त्याला कळतही नाही. आपल्यापैकी कुणाला एवढं मिळणार आहे?"

मला खरं तर खोटं ठरल्याचाच राग जास्त आला होता. म्हणलं, मी नेतो.

"डॉक्टरांकडे?"

"घरी."

"दारात रस्ता आहे आपल्या. दिवसभर कंपन्यांच्या बसेस. एक आपणच चालवता. सहा महिने काढेल फार तर."

"ऱ्हाऊ द्या की," आबा म्हणाले. "मी बी कमीच ऐकतो. मला कुठं कोण टोपलीत घालतंय?"

बाई आबांच्या कानाकडं बघत राहिल्या. मग पिल्लू माझ्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. "एकच करायचं. मेलं की येऊन सांगायचं. फोन नको. समोर उभं राहून सांगायचं."

जीपमध्ये बसताना मी विचारलं, नाव काय ठेवू?

"कशाला ठेवताय? हाक कोण ऐकणारे?"

नाव गावानंच पाडलं. कुणीही हाक मारली तरी हा बघायचाच नाही, मान वर करून सरळ पुढं चालू लागायचा. समोरच्या कंपनीतले साहेब लोक असेच चालायचे. म्हणून साहेब.

त्या दिवसापासून बाईंकडं गेलो की कसे आहात, पाणी हवं का, काही नाही. गेट उघडायच्या आधी पहिला प्रश्न.

"जिवंत आहे?"

आहे, म्हणलं की गेट उघडायचं. माझी चौकशी त्या घरात साहेबावरनं व्हायची. त्यांची नजर मात्र माझ्या गुडघ्यांवर जायची, तिथं पांढरे केस भरलेले असायचे. मग तिरकस बोलत बोलत एकेक गोष्ट सांगायच्या. बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटा, धक्का कळतो. अंगणातला दिवा उघडझाप करा. झोपलेला असला तर हात लावू नका, आधी नाकावर फुंकर घाला. मोकळा सोडू नका. मी सगळं ऐकलं आणि फुंकर घालायला गेलो इतक्या जवळनं की साहेबानं दचकून माझं नाकच धरलं. टाके पडले. ते घेऊन गेलो तर बाई म्हणाल्या, "फुंकर घाला म्हटलं होतं. मुका घ्या नव्हतं म्हटलं. त्याला लागलं नाही ना?"

सहा महिने गेले. वर्ष गेलं. दिवाळीत गावातली सगळी कुत्री पलंगाखाली आणि साहेब अंगणात लडीच्या शेजारी पाय पसरून झोपलेला. लांबनं लोक बघायला यायचे. काय छाती, म्हणायचे. मी सांगायचो, रक्तात असावं लागतं. बहिरा आहे हे आम्ही गावात कुणाला कळू दिलं नाही. एका कंपनीतल्या मॅनेजरनं त्याची पिल्लं आधीच मागून ठेवली. हे मी मोठ्या तोऱ्यात बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "याची पिल्लं झाली ना, तर टोपलीत आपल्याला घालीन." आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला घेऊन स्वतः आल्या, साहेबाची व्यवस्था करून गेल्या. डॉक्टर आत आले तेव्हा मी पण दोन पावलं मागंच सरकलो होतो.

हिंजवडीला बाई तेवढ्या एकदाच येतील असं मला वाटलं होतं, पण पुढं आणखी एकदा आल्या. न सांगता, रिक्षानं, एवढ्या लांब. गेटवरच्या सिंहाकडं बघून म्हणाल्या, "बोकड छान आहे." ओट्यावर बसल्या. पाय आपटला. साहेब लगेच आला. त्याला उताणं केलं, छातीवर बोटं ठेवली. तो थोडा धडपडला आणि सैल पडला. मग उठून त्यांच्या पायावर मान टाकून झोपला. बाई हलल्या नाहीत. मंदा चहा ठेवायला आत गेली. चांगलं चाललं होतं. तिथं माझं तोंड गप्प बसायला पाहिजे होतं. मी हसत हसत म्हणालो, काय हो बाई, टोपलीतली बाकीची पण अशीच झाली असती का?

बाईंनी त्याच्या नाकावर फुंकर घातली. तो जागा झाला, तसा पाय काढून घेतला आणि उठल्या. चहा झालाय, मंदा आतनं म्हणत होती. बाई गेटपर्यंत पोचल्या होत्या. मी जीप काढतो म्हणलं, तर म्हणाल्या, नको. मंदानं दोन्ही कप मोरीत ओतले आणि रात्री मला भाजी वाढली नाही.

त्यानंतर बाईंनी एकही पिल्लू वाढवलं नाही. आजूबाजूला सोसायट्या झाल्यात, लोक तक्रार करतात, असं त्या सांगायच्या. ते खरंही होतं. म्हातारी कुत्री गेली. बाकीची त्यांनी बघून बघून दिली, ताटली टाकून. मग प्लॉट विकला आणि नारायण पेठेत पुतण्याच्या फ्लॅटवर गेल्या. मला निरोप द्यायच्या वेळी ताटली हातात देतील असं वाटलं होतं. दिली नाही. पोतं दिलं, माझं बसायचं.

साहेब पुढंही बरीच वर्षं जगला. तोंड पांढरं झालं, म्हणजे आधीच पांढरं होतं, ते आणखी. आणि मग एक दिवस वायरमन आला होता, गेट उघडं राहिलं. समोरनं बस येत होती. माझी नव्हती, एवढंच. साहेब रस्त्याच्या मधोमध, मान वर करून, कुणाच्या बापाची भीती नसल्यासारखा चालला होता. ड्रायव्हर ओळखीचाच, रडायला आला होता बिचारा. सारखं एकच म्हणत होता, हॉर्न दिला की रे, किती वेळा हॉर्न दिला. त्याला काय सांगणार? गाव जमलं होतं. म्हणलं, हो रे, नव्हता ऐकत तो कुणाचं.

आबा तोवर गेले होते. मी आणि मंदानं त्याला बोकडाच्या पलीकडं पुरलं. मंदानं माझी पँट धुवायला घेतली आणि पहिल्यांदाच ब्रशनं घासून सगळे केस काढले. मला म्हणाली, जाऊन सांगून या.

मी काही दिवस टाळलं. मग गेलो. नारायण पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिने चढताना मी ठरवत होतो, कसं म्हणायचं. सहा महिने म्हणाला होतात, बघा किती काढली त्यानं, असं हसत सुरुवात करायची. मग वाटलं, नकोच. म्हातारं माणूस, कशाला. आहे म्हणून सांगावं, चहा घ्यावा, यावं.

पुतण्याच्या बायकोनं दार उघडलं. म्हणाली, काका, मोठ्यानं बोला, त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही, कानाचं मशीन आणलंय ते लावत नाहीत. बाई खिडकीपाशी खुर्चीवर होत्या, पाठ आमच्याकडं. या घरात त्यांना खुर्ची होती. पुतण्याची बायको चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. मी आत पाऊल टाकलं आणि तिथं तिच्या हातनं ताट निसटलं. असा आवाज झाला की मी दोन्ही हातांनी भिंत धरली.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मान हलली नाही. खांदा हलला नाही.

मी तिथंच उभा राहिलो. मग काय करावं सुचेना, म्हणून मी जमिनीवर पाय आपटला.

बाईंनी वळून बघितलं. चेहरा बारीक झाला होता, डोळा तोच घारा. मला ओळखलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा भसाड्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "पारखी. जिवंत आहे?"

मी मान हलवली. आहे, आहे. जोरजोरात हलवली, हसलो पण.

बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग त्यांची नजर सवयीनं खाली गेली, गुडघ्यांवर. तिथंच थांबली.

"विजार स्वच्छ आहे आपली," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायला डोकं लागतं, शंकरराव, ते आपल्याकडे नाही. बसा इथं समोर, आणि तोंड माझ्याकडे करून सांगा, साहेब कसे गेले."